वृत्तपत्रांतील द्वेषाचा मजकूर आणि आपली नोंदवही

मी बँकेत लिपिक आहे. दिवसभरातील जमा आणि नावे यांचा ताळा जुळल्याशिवाय आमचा दिवस संपत नाही. दहा रुपयांचा फरक पडला तरी व्हाउचर पुन्हा तपासावी लागतात. परंतु रोज सकाळी चहाबरोबर आपण जे वर्तमानपत्र वाचतो, त्याने आपल्या मनात काय जमा केले आणि काय काढून नेले, याचा हिशेब आपण कधीच ठेवत नाही. तो ठेवला पाहिजे आणि सामान्य माणसाला तो ठेवता येतो, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सुरुवात स्वतःच्या आठवणीने करतो. जानेवारी १९९३ मध्ये मी शाळेत होतो. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होते. आमच्या चाळीत ज्यांना वाचता येत नसे अशी मंडळी संध्याकाळी ओट्यावर बसत आणि मी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. पोरगा स्वच्छ वाचतो म्हणून माझे कौतुक होई. त्या आठवड्यात डोंगरीत माथाडी कामगारांचे खून झाले होते. घटना खरी होती, माणसे मेली होती आणि आमच्या ओट्यावर बसलेले सारे त्याच धंद्यातले होते. पण मी जे वाचत होतो त्यात खुनाच्या बातमीपेक्षा बरेच जास्त होते. एका संपूर्ण धर्माच्या लोकांना उद्देशून शिव्या होत्या, आव्हाने होती, ‘आता बस्स’ असा सूर होता. मी आवाज चढवून वाचत होतो आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलत होते.

आमच्या चाळीच्या टोकाला एका मुसलमान शिंप्याचे दुकान होते. चाळीत कोणी त्यांना बोट लावले नाही, हे मी अभिमानाने सांगू शकतो. पण कोणी ‘चाचा, थांबा’ असेही म्हटले नाही. एका पहाटे ते कुटुंब निघून गेले. माझा शाळेचा गणवेश त्यांच्याकडे शिवायला होता. तो शिवून, घडी घालून आमच्या दारात ठेवलेला आईला सापडला. शिलाईचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच. ते वर्तमानपत्र मी वाचून दाखवले होते, ही टोचणी मोठेपणीही गेली नाही.

आयोगाने काय म्हटले

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलींच्या चौकशीसाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये तो गुंडाळण्यात आला, पुढे मे महिन्यात त्याचे पुनरुज्जीवन झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये आयोगाने अहवाल दिला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये तो विधिमंडळात मांडला गेला. अहवालानुसार या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जण कोणत्या धर्माचे हे न समजलेले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अहवालातील एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. डोंगरीतील माथाडींचे खून आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतील जळीतकांड या घटनांची अतिरंजित वर्णने छापून ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ या दैनिकांतील चिथावणीखोर लिखाणाने भावना भडकवल्या, असे आयोगाने नमूद केले. दंगलीच्या कारणांमध्ये छापील शब्दाची नोंद झाली. दगड मारणाऱ्याचा हात दिसतो; दगड उचलायला लावणारे वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ते रद्दीत जाऊ दिले नाही तरच त्याचा जाब विचारता येतो.

टीका कोणती आणि द्वेष कोणता

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याला न आवडलेला प्रत्येक मजकूर द्वेषाचा नसतो. एखाद्या पुढाऱ्यावर, संस्थेवर, रूढीवर, धर्मग्रंथावर कठोर टीका करण्याचा अधिकार सर्वांना आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो अधिकार आयुष्यभर बजावला. त्यासाठी त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आपण सारे जाणतो. तेव्हा लेखणी बंद करण्याची मागणी आपण तरी सहज करू नये.

मग फरक कसा ओळखावा? वाचताना मी स्वतःला पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न असा की, दोष एका माणसाच्या कृत्याला दिला आहे की त्याच्या जन्माला? ‘अमुक इसमाने चोरी केली’ ही बातमी झाली. ‘हे लोक चोरच’ हा द्वेष झाला.

दुसरा, माणसांना किडे, साप, रोगराई, घाण अशा उपमा दिल्या आहेत काय? रवांडा या आफ्रिकेतील देशात ‘कांगुरा’ नावाचे नियतकालिक तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळे म्हणत असे. डिसेंबर १९९० मध्ये त्याने तुत्सींशी लग्न करू नका, व्यवहार करू नका, दया दाखवू नका अशा दहा आज्ञा छापल्या. १९९४ साली तेथे अवघ्या शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. ज्याला आधी झुरळ ठरवले, त्याला मारताना हात थरथरत नाही.

तिसरा, आकडा दिला असेल तर तो कोणी मोजला? १९९० च्या अखेरीस अयोध्येतील गोळीबाराच्या बातम्या देताना उत्तर प्रदेशातील काही हिंदी दैनिकांनी मृतांचे आकडे भरमसाट फुगवले. पुढे प्रेस कौन्सिलने अशा चार दैनिकांना दोषी धरले.

चौथा, मथळ्यात जात किंवा धर्म कशासाठी आला आहे? अत्याचार जातीमुळे झाला असेल तर ती जात सांगणे हे सत्य सांगणे आहे. पण पाकीटमाराचा धर्म मथळ्यात आला तर त्याचे कारण वेगळे असते. याची उलटी बाजूही आहे. जातीय हल्ल्याची बातमी ‘दोन गटांत हाणामारी’ अशी दिली की मारणारा आणि मार खाणारा एकाच मापाने मोजला जातो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीच्या काही बातम्यांत त्याला अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला होता. मेलेल्या माणसाची अब्रूही अशा रीतीने छापील शाईने घेतली जाते. एवढे मोठे हत्याकांड असूनही पुष्कळ दिवस मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानाला त्याची जाग आली नव्हती. गप्प बसणे हेसुद्धा नोंद करण्यासारखे असते.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न, वाचकाला काही करायला सांगितले आहे काय? ‘यांच्याकडून माल घेऊ नका’, ‘यांना घर देऊ नका’, ‘धडा शिकवा’ असे शब्द आले की धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

नोंदवही कशी ठेवावी

द्वेषाचा मजकूर एका दिवसात कळत नाही. एक बातमी वाचून ‘असेल चुकून’ असे वाटते. तीच चूक महिन्यातून बारा वेळा, एकाच समाजाच्या बाबतीत आणि एकाच दिशेने झाली की ती चूक राहत नाही. म्हणून नोंद रोजची हवी.

यासाठी पैसा लागत नाही. शंभर पानी वही, कात्री, डिंक आणि रोज अर्धा तास देणारी दोन माणसे पुरेत. विहारातील वाचनालयात तीन-चार दैनिके येत असतात. वहीत रकाने असे पाडावेत : अनुक्रमांक, वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा जसाच्या तसा, मजकूर बातमी आहे की अग्रलेख, वाचकाचे पत्र की जाहिरात, कोणत्या समाजाबद्दल आहे, आक्षेपार्ह वाक्य शब्दशः आणि वरील पाच प्रश्नांपैकी कोणता लागू पडतो. शेवटच्या रकान्यात पुढे काय केले ते लिहावे.

आवृत्तीचा रकाना विसरू नये. मुंबईच्या अंकात जे असते ते ठाणे-नवी मुंबईच्या पानांत असतेच असे नाही. ई-पेपर असेल तर त्या दिवशीच पान छापून ठेवावे, कारण मजकूर नंतर बदलता येतो. गंभीर मजकूर असल्यास कात्रण न काढता पूर्ण अंक जपावा. प्रत्येक अंकात संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असलेली बारीक टायपातील ओळ असते. तक्रार कोणाविरुद्ध करायची ते तीच सांगते.

दोन माणसे एवढ्यासाठी की, एकाने नोंदवलेले दुसऱ्याने वेगळे बसून तपासावे. आमच्याकडे एकाने लिहिलेले व्हाउचर दुसरा तपासून पास करतो, तसेच हे. दोघांचे जमले नाही तर ‘मतभेद’ असे लिहावे, खोडू नये. आणि नोंद केवळ आपल्या समाजापुरती ठेवू नये. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, भटके-विमुक्त, आदिवासी, परप्रांतीय मजूर, ईशान्येकडील मुले, तसेच एखाद्या घटनेत हिंदू समाजाबद्दल किंवा ब्राह्मण समाजाबद्दल सरसकट विष ओकले गेले असेल तर तेही त्याच वहीत, त्याच रकान्यांत आले पाहिजे. तराजू एकच असला तरच वजनावर लोक विश्वास ठेवतात.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी संपादकाला पत्र. तारीख, पान, वाक्य आणि आपला आक्षेप एवढेच लिहावे. रागाची भाषा नको. पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवावी. अनेकदा खुलासा येथेच मिळतो.

दुसरी पायरी भारतीय प्रेस कौन्सिल. १९७८ च्या कायद्याखाली काम करणारी ही संस्था दिल्लीत आहे. दैनिक किंवा साप्ताहिकातील मजकुराबद्दल प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत आणि इतर नियतकालिकांबद्दल चार महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, कात्रण, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर आणि हे प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसल्याचे निवेदन जोडावे लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, तुरुंगात टाकू शकत नाही. ताकीद देते, निषेध नोंदवते. दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही. हात लहान आहेत हे खरे, पण तिच्या निकालाने गोष्ट अधिकृत कागदावर येते.

तिसरी पायरी पोलीस. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम १५३-अ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झाले आहे. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात यांवरून गटागटांत वैर वाढवणाऱ्या शब्दांना त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा नोंदवता येतो, पण न्यायालयाने दखल घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे शासनाची पूर्वपरवानगी लागते. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या लिखाणासाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(यू) आले आहे. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना, द्वेषपूर्ण भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवावेत, असे निर्देश दिले होते.

परवानगीचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी १९९३ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. हे डिसोझा म्हणजे आपली नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोचे एकेकाळचे व्यवस्थापकीय संचालक. दंगलीच्या काळातील ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल शासनाने खटला भरावा, अशी त्यांची मागणी होती. १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्या अग्रलेखांतील रोख सर्व मुसलमानांवर नसून देशविरोधी वागणाऱ्यांवर आहे आणि जुन्या गोष्टी उकरून सलोखा साधणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हस्तक्षेप केला नाही. पुढे सरकार बदलले. जुलै २००० मध्ये शासनाने अशाच लिखाणाबद्दल खटल्यास परवानगी दिली, बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरवला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते, असा कायदा आहे. येथे तर सात वर्षे उलटली होती.

म्हणजे कात्रणे होती, याचिका वेळेवर होती, उशीर केला तो शासनाने. मग नोंद ठेवून काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग असा की, आयोगाचा निष्कर्ष छापील अंकांमुळेच उभा राहिला. रवांडातही तेच झाले. ‘कांगुरा’चे जुने अंक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर पुरावा म्हणून आले आणि २००३ साली त्याचा संपादक दोषी ठरला. ते अंक कोणीतरी रद्दीत दिले नव्हते.

आमची चूक

हे सारे मी शहाणपणाने सांगत असलो तरी आम्ही स्वतः फसलो आहोत. काही वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात आमच्या वस्तीबद्दल आणि आमच्या समाजाच्या मुलांबद्दल अत्यंत हीन मजकूर आला. विहारात सभा झाली, जोरदार भाषणे झाली, ठराव झाला. एका कार्यकर्त्याने ते कात्रण कापून फलकावर लावले. तीन महिन्यांनी तक्रार लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की, कात्रणावर ना तारीख ना पान क्रमांक. मजकुराच्या कडेने नीट कापल्यामुळे वर्तमानपत्राचे नावही गेले होते. आणि दोन महिन्यांची मुदत तर केव्हाच संपली होती. तारीख नसलेला धनादेश घेऊन खिडकीवर येणाऱ्या ग्राहकाला मी रोज परत पाठवतो. त्या दिवशी तो ग्राहक मीच होतो.

आणि आणखी एक. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला दिल्लीच्या तबलिगी जमातीच्या निमित्ताने संपूर्ण मुस्लिम समाजावर रोग पसरवल्याचा ठपका ठेवणारा मजकूर छापून आला, वाहिन्यांवरही चालला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा प्रकरणातील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना माध्यमांतील त्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. पण त्या काळात आमच्याच वस्तीत ‘त्यांच्या गाडीवरून भाजी घेऊ नका’ असे म्हणणारे आपलेच बांधव मी ऐकले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांनी दुसऱ्याचा विटाळ मानावा काय? सम्यक वाचा हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे. ती जशी बोलण्याला लागू आहे तशी वाचून दाखवण्यालाही लागू आहे, पुढे पाठवण्यालाही लागू आहे.

म्हणून माझी सर्व वाचकांना विनंती आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात अशी एक वही सुरू करावी. शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना त्यात घ्यावे. त्यांचे वाचन होईल आणि डोळे उघडे राहतील. दर महिन्याला वंदनेनंतर पाच मिनिटे त्या वहीतील नोंदी वाचून दाखवाव्यात. वहीच्या पहिल्या पानावर एवढेच लिहावे : आधी तारीख, मग कात्रण.

त्या ओट्यावर वाचणाऱ्या मुलाला तेव्हा कोणी विचारले असते की, ‘बाळ, हे कोणत्या पानावर आहे, कोणी छापले, आकडा कोणी मोजला?’, तर कदाचित तो अडखळला असता. थोडे अडखळणेही त्या दिवशी पुष्कळ झाले असते.

जयभीम!